मदतनिसाची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर क्रीडाशिक्षक होते. त्यांच्याविषयी बोलायला त्यांचे विद्यार्थी इथे बसले आहेत, तो अधिकार त्यांचा. माझं काम फिजिओथेरपीचं, आणि त्यातलं बरंचसं अपंगत्व असलेल्या मुलामुलींबरोबर, मैदानावर. या मुलांना माया किती द्यावी, मोकळं किती सोडावं, एकाने दुसऱ्याचं नुकसान तर होत नाही ना, असं पालक मला सतत विचारतात. त्याचं उत्तर मला खेळांच्या नियमपुस्तकांत सर्वांत स्पष्ट सापडलं. म्हणून एका नियमापासून सुरुवात करते.

बोचिया नावाचा एक खेळ आहे. बंदिस्त सभागृहात साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असं सपाट मैदान. आधी एक पांढरा चेंडू टाकायचा. मग एका बाजूचे सहा लाल, दुसऱ्या बाजूचे सहा निळे. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या अधिक जवळ, गुण त्याला. 1984 पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि ऑलिम्पिकमध्ये तो नाही. सेरेब्रल पाल्सीसारखं तीव्र अपंगत्व असलेल्या खेळाडूंसाठीच तो वाढला. त्यात बीसी-3 नावाचा गट आहे. या गटातल्या खेळाडूला चेंडू हाताने फेकता येत नाही, कारण हातापायांवर आणि धडावर पुरेसा ताबा नसतो. तो पन्हळीच्या आकाराचा एक उतरता रॅम्प वापरतो. चेंडू रॅम्पवर ठेवायला, रॅम्प डावीउजवीकडे वळवायला, त्याची उंची कमीजास्त करायला एक मदतनीस असतो. पुष्कळदा ती त्याची आई असते, किंवा वडील.

त्या मदतनिसासाठी नियम असा आहे: तोंड खेळाडूकडे आणि पाठ मैदानाकडे करून बसायचं. वळून पाहायचं नाही. पाहिलं तर दंड. सल्ला द्यायचा नाही, खूण करायची नाही. खेळाडू शब्दाने, नजरेने किंवा मानेच्या हालचालीने सांगेल तेवढाच रॅम्प हलवायचा. चेंडू सोडताना शेवटचा स्पर्श खेळाडूचा हवा; तो बोटाचा असेल, डोक्याला बांधलेल्या दांडीचा असेल, नाहीतर तोंडात धरलेल्या काठीचा.

त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सकाळी लेकराला तिनेच उठवलेलं असतं. दात तिने घासून दिलेले असतात, घास तिने भरवलेला असतो, कपडे तिने चढवलेले असतात. मैदानापर्यंत तिने आणलेलं असतं. आणि डाव सुरू झाला की पांढरा चेंडू कुठे आहे हे तिला दिसत नाही. दिसतो फक्त मुलाचा चेहरा. तो म्हणतो, थोडं डावीकडे. तिला वाटतं, मघाशी तर उजवीकडे म्हणाला होता. पण ती विचारू शकत नाही. रॅम्प डावीकडे सरकवते. चेंडू घरंगळत जातो आणि तो कुठे थांबला हे तिला मुलाच्या डोळ्यांत वाचावं लागतं.

हा नियम अनेकांना कठोर वाटतो. मला तो अतिशय प्रेमळ वाटतो. शरीराला लागेल ती सगळी मदत त्यात मान्य केलेली आहे, एक कणही कमी केलेला नाही. वगळला आहे तो फक्त निर्णय. चेंडू कुठे सोडायचा, किती उंचीवरून, समोरच्याचा चेंडू उडवायचा की त्याच्या बाजूने आत शिरायचं, हे सगळं त्या खुर्चीत बसलेल्या पोराचं. जिंकला तर तो जिंकला आणि हरला तर तोच हरला. ज्याला दिवसभरात पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलता येत नाही, त्याच्या वाट्याला खेळाने पूर्ण त्याची अशी एक चूक ठेवली आहे. ही चूक फार मोलाची आहे. घरात ती त्याला कोणी करू देत नाही.

इतर खेळांतही हेच सापडतं. पूर्ण अंध धावपटूंच्या टी-11 गटात प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि बरोबर एक वाटाड्या धावपटू असतो. दोघांच्या हातात एकच दोरी. वाटाड्याने वळण कुठे आलं ते सांगायचं, अंतर सांगायचं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि अंतिम रेषा खेळाडूच्या आधी ओलांडायची नाही. त्यामुळे वाटाड्या खेळाडूपेक्षा वेगवान असावा लागतो, आणि तो वेग त्याला शेवटच्या पावलाला आवरावा लागतो. अंधांच्या जलतरणात भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने पोहणाऱ्याला एक टपली देतो. एकच टपली. त्यावरून वळायचं कसं, भिंतीला हात कधी लावायचा, हे पोहणाऱ्याने ठरवायचं. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी 2017 मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर मेडलीत सुवर्णपदक मिळवलं, ते याच, पूर्ण अंधांच्या एस-11 गटात. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेत खर्चाचे पैसे वेळेवर न पोचल्यामुळे त्यांना परक्या शहरात उसनवारीची वेळ आली होती, ही बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. या मुलांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या प्रवासखर्चाचा कागद वेळेवर पुढे सरकवणारा कारकून त्यांच्यासाठी जे करतो, ते मला त्या कौतुकाहून मोठं वाटतं.

नियम नेहमी न्याय करतातच असं नाही, हेही सांगायला हवं. 8 सप्टेंबर 2024 ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिबाधित महिलांची मॅरेथॉन होती. स्पेनची एलेना काँगोस्त तिसऱ्या क्रमांकावर होती, चौथी धावपटू तिच्या कितीतरी मागे होती. रेषा काही पावलांवर आली असताना तिच्या वाटाड्याच्या पायात गोळा आला आणि तो कोलमडायला लागला. त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली. मग दोरी पुन्हा धरून दोघांनी रेषा ओलांडली. दोरी सोडली म्हणून तिला बाद ठरवण्यात आलं. मला त्या निकालाचं आजही वाईट वाटतं. पण मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती निकालासाठी सांगत नाही. आपण नेहमी गृहीत धरतो की मदत एकाच दिशेने वाहते, डोळसाकडून अंधाकडे, चालणाऱ्याकडून खुर्चीतल्याकडे. त्या दिवशी ती उलटी वाहिली. दृष्टी अधू असलेल्या बाईने डोळस पुरुषाला पडू दिलं नाही. आपल्या घरातली मुलं अशी मदत करायला तयार असतात आणि आपण ती मागतच नाही. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीला धाकट्या भावाचा अभ्यास घ्यायला सांगत नाही, पाहुण्यांना पाणी द्यायला सांगत नाही. तिला फक्त घेण्याची सवय लावतो.

आता थोडं मागे जाऊ, कारण या सगळ्याचा उगम एका रुग्णालयात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जारज्जूला इजा झालेला सैनिक म्हणजे दोनेक वर्षांचा सोबती, असंच डॉक्टर धरून चालत. त्याला झोपवून ठेवायचं, वेदना कमी करणारी औषधं द्यायची, हळू बोलायचं. पाठीला जखमा होत, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होई, आणि त्यातच तो जाई. ही क्रूरता नव्हती. लोक मनापासून दयाळू होते. 1939 मध्ये नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले ज्यू मज्जासंस्थातज्ज्ञ लुडविग गुटमन यांच्या हाती 1944 मध्ये स्टोक मँडविल रुग्णालयातल्या मज्जारज्जू विभागाची सूत्रं आली, तेव्हा त्यांनी ही दया वॉर्डातून हद्दपार केली. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाला कूस बदलवायची असा दंडक घातला. रुग्णांना उठवलं, बसवलं, सुतारकाम, घड्याळदुरुस्ती शिकायला लावली, चेंडू फेकायला लावले. रुग्ण चिडत, परिचारिका दमून जात. तेच रुग्ण पुढे त्यांना 'पॉपा' म्हणू लागले. 29 जुलै 1948 ला लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत असताना याच रुग्णालयाच्या हिरवळीवर 14 पुरुष आणि 2 स्त्रिया खुर्चीत बसून धनुर्विद्येच्या स्पर्धेला उतरल्या. 1960 मध्ये रोमला त्याचंच पॅरालिम्पिक झालं.

त्या दोन तासांच्या दंडकाचं मला आजही काम पडतं. मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलाला कमरेखाली दाब जाणवत नाही, म्हणून तासन्‌तास खुर्चीत बसलं की त्वचा आतून मरते. त्याने ठरावीक वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं असतं. रात्री आरसा घेऊन मांडीची, बैठकीची त्वचा तपासायची असते. आई हे सगळं करू शकते, आणि करतेही. पण सराव शिबिराला गेलेल्या मुलाची आई तिथे नसते. आठव्या-नवव्या वर्षापासून आरसा मुलाच्या हातात दिला तर अठराव्या वर्षी तो एकटा परगावी स्पर्धेला जाऊ शकतो. पदकापेक्षा हा आरसा आधी येतो, असं मी प्रत्येक पालकाला सांगते. पहिले काही महिने मुलं टंगळमंगळ करतात, एखादी लाल खूण नजरेतून सुटते. तेव्हा आरसा काढून घ्यायचा नाही. त्याच्या शेजारी बसून पुन्हा पाहायला लावायचं.

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं द्यावं लागतं. सैन्यात कारागीर आणि मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. त्यांच्या प्रवासाच्या खटपटीत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचा हात होता. पेटकरांनी मुलाखतींतून एक गोष्ट सांगितलेली आहे: जखमी जवानांना पैशांची मदत देऊ केली गेली तेव्हा त्यांनी पैसे नाकारून काम मागितलं, आणि पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री त्यांना 2018 मध्ये मिळाली. पदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये 46 वर्षं गेली. या 46 वर्षांत महाराष्ट्रातल्या किती खुर्चीतल्या मुलांना आपल्यातला एक जण जगज्जेता होता हे कळलंच नाही, याची मला फार हळहळ वाटते.

योगायोग असा की त्याच 1972 साली रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन लेखकाने बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांविषयी एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते, आणि ज्याला आपण सगळ्या धोक्यांपासून दूर ठेवतो त्याची ती प्रतिष्ठा आपण काढून घेतो. मुलाला सायकलवरून पडू द्या, असं कोणत्याही पालकाला सांगितलं तर ते हसून मान डोलावतात. कॅलिपर घातलेल्या मुलाला पडू द्या म्हटलं की चेहरे बदलतात. ती भीती मी हलकी लेखत नाही. ज्यांनी मुलाच्या शस्त्रक्रियांपायी शेत विकलं आहे, रात्री-अपरात्री झटके आलेल्या लेकराला घेऊन दवाखान्याकडे धावले आहेत, त्यांना 'काळजी सोडा' असं सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. मी एवढंच सांगते की पडायचं कसं हे शिकवता येतं. हाड ठिसूळ आहे का, हृदयाची अडचण आहे का, मानेच्या मणक्याला धोका आहे का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. ते एकदा झालं की उरतं ते खरचटणं. खरचटू द्या.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. स्पेशल ऑलिम्पिकची चळवळ सुरू करणाऱ्या युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या बहिणीच्या, रोझमेरीच्या मेंदूवर 1941 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तिचं उरलेलं आयुष्य परस्वाधीन झालं. युनिस यांनी 1962 च्या उन्हाळ्यात मेरिलँडमधल्या आपल्या घराच्या अंगणात अशा मुलांचं शिबिर भरवलं, आणि 20 जुलै 1968 ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिलं स्पेशल ऑलिम्पिक झालं. या चळवळीने एक फार शहाणपणाची रीत घातली. खेळाडूंची आधी चाचणी घ्यायची आणि जवळपास सारख्या कुवतीच्या खेळाडूंनाच एकमेकांसमोर उभं करायचं. त्यामुळे शर्यत खरी होते. मागे पडणाऱ्याला मुद्दाम पुढे सोडावं लागत नाही.

पण याच चळवळीत सुरुवातीच्या काळात आणखी एक प्रथा होती. अंतिम रेषेवर स्वयंसेवक उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला मिठी मारत. त्यामागचा हेतू स्वच्छ होता. ज्या मुलांना घरात कोंडून ठेवलं जाई त्यांना पहिल्यांदा कोणीतरी उघडपणे जवळ घेत होतं. हळूहळू ही प्रथा मागे पडत गेली, आणि ती पडायलाच हवी होती. धापा टाकत आलेल्या पंचविशीच्या धावपटूला एका अनोळखी माणसाने छातीशी धरायचं, त्याला ते हवं आहे का हे न विचारता? शंभर मीटर धावून आलेल्या इतर कोणाला आपण असं धरत नाही.

इथे मला एका विषयावर थांबायचं आहे. तो व्यासपीठावर सहसा बोलला जात नाही. आपल्या मुलांना लहानपणापासून पुष्कळ हात लागतात. आईचे, आजीचे, डॉक्टरांचे, माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टचे, रिक्षावाल्याचे, शाळेतल्या मावशींचे, प्रशिक्षकाचे. कोणी उचलून ठेवतं, कोणी कपडे बदलतं, कोणी पाय ताणतं. प्रत्येक जण चांगल्या मनाने करतो आणि जवळजवळ कोणीच विचारत नाही. अशा मुलीला दहाव्या वर्षापर्यंत पक्कं कळलेलं असतं की आपल्या अंगाला कोणीही हात लावू शकतं. पुढे एखादा हात वाईट हेतूने लागला तर ती नाही म्हणेल, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? नाही म्हणायचा सराव तिने कधी केलेलाच नसतो. म्हणून मैदानावर आमच्याकडे रीत आहे: खुर्चीला हात लावण्याआधी विचारायचं, उचलण्याआधी विचारायचं, पट्टा बांधण्याआधी विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर हात मागे घ्यायचा. ती तिच्या आईला नाही म्हणाली, तरीही. काही आया दुखावतात. मी त्यांच्याशी बोलते, पण रीत बदलत नाही. स्वावलंबन म्हणजे जिना चढता येणं, असं समजलं जातं. माझ्या लेखी त्याच्याही आधी हा नकार येतो. बोलता न येणाऱ्या मुलाला तो मान हलवून देता येतो, डोळे मिटून देता येतो.

मुंबईची जिया राय हिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती स्वमग्न आहे. 2021 च्या फेब्रुवारीत, बारा वर्षांची असताना, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत 36 किलोमीटर पोहली. 8 तास 40 मिनिटं लागली. सोळाव्या वर्षी, जुलै 2024 मध्ये, तिने इंग्लिश खाडी पार केली. 34 किलोमीटर, 17 तास 25 मिनिटं. खाडी पोहण्याचा नियम फार जुना आहे: सोबतच्या बोटीतल्या कोणीही पोहणाऱ्याला स्पर्श करायचा नाही. खाणं-पिणं दोरीने किंवा काठीने पुढे करायचं. स्पर्श झाला तर पोहणं बाद. सतरा तास बोटीत बसलेल्या जिवलगांचा मी विचार करते. थंड पाणी, अंधार, जेलिफिश, आणि शब्दांत फारसं न सांगणारी मुलगी. तिला किती थंडी वाजते आहे, ती दमली आहे का, हे तिच्या हाताच्या फेकीवरून ओळखायचं. हात मात्र लावायचा नाही. मायेची याहून अवघड परीक्षा मला माहीत नाही, आणि ती पार पडल्यामुळेच ती खाडी जियाच्या नावावर लागली.

कौतुकाविषयी बोलते. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग या पत्रकार खुर्चीत वाढल्या. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातल्या कोणीतरी त्यांच्या पालकांना विचारलं की आम्ही स्टेलाचं नाव एका सन्मानासाठी सुचवू का. पालक म्हणाले, छान, पण तिने तसं काही केलेलं नाही. ती इतर मुलींसारखी शाळेत जात होती, शाळा सुटल्यावर काम करत होती, टीव्ही पाहत होती. ही हकिकत त्यांनी 2014 मधल्या भाषणात सांगितली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. आपल्याकडे हे रोज घडतं. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि मुलगा अजून जिल्हा पातळीवरसुद्धा खेळलेला नसतो. त्याने फेकलेला गोळा चार मीटरवर पडला तरी सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. तो मुलगा भोळा नसतो. त्याला कळतं की या टाळ्या गोळ्याला नाहीत, हाताला आहेत. एकदा हे कळलं की सरावात जीव ओतायचं कारण संपतं.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी पॅरिसच्याच पॅरालिम्पिकमध्ये, हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या एफ-46 गटात गोळाफेकीत दुसरा आला. त्याची फेक 16.32 मीटर. सुवर्ण मिळवणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टची 16.38. सहा सेंटिमीटर. सचिनच्या बालपणीच्या अपघातावर आपल्याकडे रकाने भरले. या सहा सेंटिमीटरवर कोणी बोललं नाही. गोळा सुटताना कोन किती होता, डावी बाजू अडवण्यात कुठे उणं पडलं, पुढच्या वर्षी ते कसं भरून काढायचं, असं विचारणं हाच त्याचा खरा मान आहे. कोणत्याही धडधाकट गोळाफेकपटूला आपण हेच विचारलं असतं. माझी मुलं सरावानंतर 'कसं झालं' विचारतात तेव्हा मी खरं सांगते: आजची फेक वाईट होती, खांदा लवकर उघडला. पहिल्यांदा ऐकताना एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येतं. पण दुसऱ्या दिवशी तो वेळेआधी मैदानावर असतो, कारण त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी खेळाडू म्हणून बोललेलं असतं.

शाळेकडे येते. खेळाच्या तासाला अपंग मुलगा कुठे असतो ते तुम्ही सगळे जाणता. दप्तरांवर लक्ष ठेवायला झाडाखाली, नाहीतर गुण लिहायला फळ्यापाशी. शिक्षक वाईट नसतात. एका वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, आणि या मुलाला काही झालं तर जाब त्यांनाच विचारला जाणार. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वं मानली आहेत आणि त्याच्या कलम 30 मध्ये खेळांत सहभाग मिळवून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण शिक्षकाला उद्या सकाळी करायचं काय, हे कलम सांगत नाही. मी सांगते. अंध क्रिकेटमध्ये छर्रे भरलेला, खुळखुळणारा चेंडू असतो. गोलंदाज टाकण्याआधी विचारतो, तयार? फलंदाज हो म्हणतो. मग गोलंदाज 'प्ले' असा पुकारा करून चेंडू सरपटत टाकतो. हा हो मिळाल्याशिवाय चेंडू सुटत नाही. असा चेंडू फार महाग नाही. वर्गातल्या सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधा आणि अंध मुलाला कर्णधार करा. त्या तासापुरता वर्गात सगळ्यांत अनुभवी खेळाडू तोच असेल, आणि हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

शेवटचा मुद्दा मुलींचा आहे आणि तो साध्या गोष्टीचा आहे. सरावाला येणाऱ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यातही. कारण मैदानावरच्या स्वच्छतागृहात खुर्ची आत जात नाही, गेली तर वळत नाही, आणि वळली तर दार लागत नाही. आई दाराशी साडी धरून उभी राहते. चौदा वर्षांच्या मुलीला हे नको असतं, म्हणून ती तहान मारते, आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन पंधरा दिवस घरी बसते. नांदेड जिल्ह्याच्या खेळाडू भाग्यश्री जाधव यांनी 2024 मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात भालाफेकपटू सुमित अंतिलबरोबर देशाचा ध्वज धरला, तेव्हा आमच्या मुलींनी तो क्षण मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांचं सगळं बोलणं त्यावरच चाललं होतं, आणि पाण्याच्या बाटल्या नेहमीसारख्या भरलेल्याच परत गेल्या.

तालुका क्रीडा संकुलाचे काही पदाधिकारी आज इथे आहेत. त्यांना माझी विनंती आहे. येत्या स्पर्धांच्या आधी मैदानाची पाहणी होईल, ती या मुलींना करू द्या. त्यांच्याबरोबर पालक नकोत, मीही नको. त्या आपापल्या खुर्चीतून फाटकापासून निघतील, मैदानावर जातील, कपडे बदलायच्या खोलीत जातील, स्वच्छतागृहात जाऊन आतून कडी लावून पाहतील. जिथे अडतील तिथे त्या स्वतः वहीत लिहितील. ती वही अभियंत्यांकडे जशीच्या तशी जाऊ द्या आणि काम झाल्यावर तपासायलाही त्यांनाच बोलवा. चार मुलींनी तयारी दाखवली आहे. रविवारी सकाळी संकुलाचं फाटक उघडं मिळालं तर त्या आठ वाजता येतील.